कंटाळवाणा रस्ता गाळू नका

सायकलवरून एखादा देश बघायचा ठरवलंत, तर सहलीच्या माहितीपत्रकात आधी एक शब्द शोधा: ‘ट्रान्सफर’. सातव्या-आठव्या दिवसासमोर तो हमखास सापडतो. ‘न्याहारीनंतर ट्रान्सफर.’ म्हणजे काय, तर सायकली गाडीवर बांधायच्या, माणसांनी गाडीत बसायचं, एसी लावायचा आणि मधले दोनशे-तीनशे किलोमीटर झोपेत काढायचे. संध्याकाळी पुन्हा नवा समुद्रकिनारा, पुन्हा छान हॉटेल.

या झोपेत काढलेल्या रस्त्याबद्दल मला बोलायचं आहे. माझ्या मते सायकल सहलीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच आपण पैसे देऊन गाळून घेतो.

उदाहरण व्हिएतनामचं घेते, कारण दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडहून तिथे गेलो होतो. मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी, धाकटे दीर, डोंबिवलीहून आलेल्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना सगळेच ताई म्हणतात, आणि ओळखीचं एक कुटुंब. एकूण आठ जण. बारा दिवस, सोबत एक गाईड, मागे सामानाची गाडी. गाईडला मराठीत एक जुना, छान शब्द आहे: वाटाड्या. वाट दाखवणारा तो वाटाड्या. इथून पुढे मी तोच वापरते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘वाटाड्या घेऊन फिरणं म्हणजे खरं सायकलिंग नाही’ असं म्हणणारे लोक असतात. सगळं सामान कॅरिअरला बांधून एकट्यानं फिरणारे. त्यांच्या हिमतीचं मला कौतुक आहे, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. ज्या देशात आपल्याला पाटी वाचता येत नाही, तिथे वाटाड्या म्हणजे आपले डोळे आणि कान. पाटी वाचता येत नाही म्हणजे तशी येते, कारण व्हिएतनामी लिपी रोमन आहे. अक्षरं ओळखीची, पण अक्षरांवर-खाली इतक्या खुणा, की आपण वाचलेलं तिथल्या कुणालाच कळत नाही. एकाच शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ हा साधा शब्द सूर बदलून भूत होतो, आई होतो, भाताचं रोपही होतो. अशा ठिकाणी वाटाड्या नको म्हणणं हा हट्ट झाला.

तेव्हा तक्रार वाटाड्याबद्दल नाही आणि गाडीबद्दलही नाही. काय गाळायचं हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं, याबद्दल आहे.

थोडा हिशेब करू. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हे अंतर रस्त्यानं साधारण सतराशे किलोमीटर आहे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हनोई ते सायगाव, सायकलवरून’. सायगाव हे हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव, अजूनही सगळे तेच म्हणतात. सहल बारा दिवसांची. त्यात येण्या-जाण्याचे, विश्रांतीचे दिवस वजा केले तर सायकलचे उरतात नऊ-दहा. रोज पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे फार तर सहाशे. उरलेले अकराशे गेले कुठे? काही विमानात, काही गाडीत. सतराशेतले सहाशे किलोमीटर चालवून आपण घरी सांगतो, ‘आम्ही व्हिएतनाम सायकलवर पालथा घातला.’

यात फसवणूक नाही, सगळं छापलेलं असतं. पण ते सहाशे किलोमीटर कोणते, ते बघा.

हाय व्हान घाट त्यात असतोच. हुए शहराहून दा नांगकडे येताना लागतो. ‘हाय व्हान’ म्हणजे समुद्र आणि ढग. समुद्रसपाटीपासून चढत चढत ४९६ मीटरवर जायचं. बोरघाट माहीत असेल तर त्याची चढण आठवा, साधारण तेवढीच, फक्त इथे एका बाजूला सतत समुद्र. माथ्यावर सम्राट मिन्ह मांगनं १८२६ साली बांधलेला विटांचा दरवाजा आहे, आणि त्याच्याच शेजारी नंतरच्या युद्धांतले काँक्रीटचे बंकर. खरंच सुंदर घाट आहे. पण तो इतका शांत का, हे आमच्या वाटाड्यानं सांगितलं म्हणून कळलं. २००५ साली डोंगराखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला. ट्रक, बस सगळे त्यातून जातात. सायकलला बोगद्यात मनाई. म्हणून घाट आपल्याला मोकळा मिळतो. घाटात मी एकदाही गाडीत बसले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मला रेलिंग धरावं लागलं. असो.

मग होई आन. कंदिलांचं जुनं बंदर, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. आणि त्याच वर्षी त्याच यादीत आलेलं मी सन, होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर. आपल्यासारख्यांना मी सनमध्ये घरच्यासारखं वाटतं. चाम राजांनी चौथ्या शतकापासून पुढे बांधलेली विटांची शिवमंदिरं, संस्कृत शिलालेख, भद्रेश्वर हे देवाचं नाव. १९६९ मध्ये अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात त्यातली बरीच पडली. अलीकडे भारताच्या पुरातत्त्व खात्यानं तिथे डागडुजीचं काम केलं, आणि २०२० मध्ये काम चालू असताना एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. ताईंनी तिथे चपला काढून हात जोडले. शेजारचे ऑस्ट्रेलियन प्रवासी बघत राहिले.

आता इथे माझा पहिला आक्षेप. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ही देवळं बांधली, ते चाम लोक संपलेले नाहीत. ते आजही व्हिएतनाममध्ये राहतात, विशेषतः दक्षिणेकडे फान रांग शहराच्या आसपास. तिथे टेकडीवर पो क्लाँग गाराई नावाचं चाम देऊळ आहे. त्यात अजून पूजा होते. दरवर्षी काते नावाचा सण असतो, तेव्हा लोक नवे कपडे घालून देवळात जातात. पण आमच्या सहलीत फान रांग नव्हतं. न्या ट्रांगच्या किनाऱ्यावरून थेट विमान. म्हणजे पडकी देवळं दाखवली आणि ती बांधणाऱ्यांची पणतवंडं गाळली. मी सन बघून ‘अरेरे, केवढी संस्कृती लोपली’ असं म्हणणं मग किती सोपं होतं!

दुसरा आक्षेप त्या ‘ट्रान्सफर’च्या दिवसाचा. होई आन ते क्वी न्योन. सुमारे तीनशे किलोमीटर, गाडीनं. माहितीपत्रकात या दिवसाचा एकही फोटो नव्हता. मी नकाशा काढून बघितला, तर मधे क्वांग ङाई नावाचं शहर.

इथे एक जाता जाता. बाराखडी शिकताना तुम्ही ‘ङ’ पाठ केलात ना? क ख ग घ ङ. आणि मग विचारलंत, की याचा उपयोग काय? मराठीत एकही शब्द त्यानं सुरू होत नाही. व्हिएतनाममध्ये मात्र हा आवाज रोजचा. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव ‘ङ्वेन’ असं सुरू होतं. इंग्रजीत ते लिहिलं की सगळे अडखळतात. माझ्या मुलीनं पहिल्याच दिवशी ते नीट म्हटलं, आणि वाटाड्यानं तिला विचारलं, तू कुठे शिकलीस? ती म्हणाली, शनिवारच्या मराठीच्या वर्गात.

तर क्वांग ङाई. त्या शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर सन मी नावाचं गाव आहे. त्यातल्या एका वस्तीचं नाव मी लाय. इंग्रजी बातम्यांमुळे जग तिला माय लाय म्हणतं. १६ मार्च १९६८ या दिवशी अमेरिकन सैनिकांनी तिथल्या निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आज तिथे स्मारक आहे, त्यावर ५०४ नावं आहेत. जळालेल्या घरांच्या पायांमधून ज्या वाटा जातात, त्या सिमेंटच्या वाटांवर सैनिकांच्या बुटांचे आणि पळणाऱ्या अनवाणी पायांचे ठसे उमटवलेले आहेत. आपण कुठे पाय ठेवतो आहोत, हे बघत चालावं लागतं.

आणि ही जागा आमच्या माहितीपत्रकाप्रमाणे आम्ही झोपेत ओलांडणार होतो.

मी वाटाड्याला विचारलं, हा दिवस बदलता येईल का? आम्ही आठही जण ओळखीचे, गटात बाहेरचं कुणी नाही. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “येईल. पण तुम्ही नंतर तक्रार कराल. तिथे बघायला काही नाही, असं पाहुणे म्हणतात. मग मला कमी तारे देतात.” त्याचं खरं होतं. कंपनी वाईट म्हणून रस्ता गाळत नाही. आपण मोबाइलवर पाचपैकी तीन तारे देतो, म्हणून गाळते. एकेका पाहुण्याच्या एकेका कंटाळ्यातून ही सहल अशी गुळगुळीत झालेली आहे.

किंमत अशी ठरली: होई आनमधला मोकळा दिवस सोडायचा. होई आन शिंप्यांचं गाव आहे, एका दिवसात सूट शिवून मिळतो. माझ्या दिरांनी कापड पसंत करून ठेवलं होतं. “वहिनी, सुट्टीत कुणी असं करतं का?” ते म्हणाले. “भाऊजी, सूट लेस्टरलाही मिळतो,” मी म्हटलं. मतं घेतली. पाच विरुद्ध तीन. मुलीचं मत माझ्या विरुद्ध पडलं, हेही सांगून टाकते.

मग दुपारी गाडीनं निघून सन मी बघितलं, क्वांग ङाईला साध्या लॉजवर राहिलो आणि सकाळी सहाला सायकलवर बसलो. दक्षिणेकडे सा हुइन्हपर्यंत, साधारण साठ किलोमीटर. मधेमधे महामार्ग, पण बहुतेक गावांतले लहान रस्ते.

काय बघितलं? खरं सांगायचं तर सगळं ओळखीचं. एप्रिल म्हणजे तिकडे भाताच्या एका हंगामाची कापणी. रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात वाळत घातलेलं, आणि बायका लाकडी फावड्यानं त्यात ओळी ओढत होत्या. डोक्यावर ती टोकदार टोपी, तोंडाला फडकं, हातभर बाह्यांचं जाकीट, एवढ्या उन्हात! आम्ही कडेकडेनं सायकल काढायची, भातावर चाक घालायचं नाही, हे वाटाड्यानं कडक शब्दांत बजावलं होतं. एका सायकल-मोटरसायकल दुरुस्तीच्या टपरीत आमच्यातल्या एकाचं पंक्चर काढलं. दुकानदारानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, अगदी आपल्याकडे शोधतात तसेच. उसाचा रस मिळाला. त्यात लिंबाऐवजी एक छोटं संत्र्यासारखं फळ पिळतात. चरकाला घुंगरू नव्हते, ताईंना ते खटकलं.

आणि सा हुइन्हजवळ मिठागरं. मिठागर म्हणजे समुद्राचं पाणी उथळ वाफ्यांत घेऊन, उन्हानं आटवून मीठ करण्याची जागा. रायगड-ठाण्याकडे आगरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं. मुंबईच्या लोकलमधून भांडुप-मुलुंडच्या बाजूला पूर्वी हे पांढरे ढीग दिसायचे, ताईंना चांगले आठवतात. इथेही तसेच ढीग, तशीच माणसं, मीठ टोपल्यांत भरून खांद्यावरच्या कावडीनं नेणारी. याच सा हुइन्हच्या वाळूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीचे मोठे रांजण सापडले. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक आपल्या मृत माणसांना असे रांजणात ठेवून पुरत. चाम राजांच्याही आधीचे हे लोक. संशोधक त्यांना सा हुइन्ह संस्कृती म्हणतात. म्हणजे ‘बघायला काही नाही’ अशा जागेचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

पण मला रांजणांपेक्षा मिठागरं जास्त महत्त्वाची वाटतात. रांजण संग्रहालयात बघता येतील. मिठागरातला माणूस त्या रस्त्यावर, त्या उन्हातच भेटतो. होई आनमध्ये आम्हाला भेटलेला प्रत्येक माणूस आम्हाला काहीतरी विकत होता. त्यात वाईट काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण साठ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आम्ही कुणाचंच गिऱ्हाईक नव्हतो. आम्ही म्हणजे हेल्मेट घातलेली आठ विचित्र माणसं. पोरं ओरडत होती, “हॅलो! हॅलो!”, आणि मोठी माणसं आपापलं काम करत होती. देश आपल्याकडे लक्ष न देता चालू असताना बघायला मिळणं, ही माझ्या दृष्टीनं प्रवासातली सर्वांत दुर्मिळ गोष्ट आहे.

आपल्याला, म्हणजे परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना, हे जरा वेगळ्या रीतीनं माहीत असायला हवं. तुमची भारताची ट्रिप आठवा. विमानतळ, टॅक्सी, आजीचं घर, एक लग्न, एक देवदर्शन, एक मॉल, पुन्हा विमानतळ. मधला रस्ता बंद काचेतून. आजीच्या घरासमोरचा इस्त्रीवाला दिवसभर काय करतो, शेजारची मुलगी शाळेत कशी जाते, हे कोण बघतं?

आता दुसरी बाजू. भाऊजींचं म्हणणं मी तेवढ्याच जागेत मांडायला हवं, कारण ते चूक नाही. ते म्हणतात, बारा दिवसांची रजा वर्षातून एकदा मिळते, त्यात ट्रकचा धूर का खायचा? व्हिएतनामचा महामार्ग क्रमांक एक हा चीनच्या सीमेपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जातो, आणि त्यावरचे ट्रक हॉर्नवर हात ठेवूनच चालतात. लहान मूल बरोबर असेल तर मीही त्यावर सायकल घालणार नाही. उन्हाचंही तेच. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. दहा-साडेदहानंतर चक्कर येऊ लागली तर गाडीत बसण्यात कमीपणा कसला? सा हुइन्हच्या आधी दहा किलोमीटरवर आमच्यातले तिघे गाडीत बसले, त्यात माझा नवराही होता. शहाणपणाचंच केलं त्यानं.

आणि ताई तर रोजच गाडीत. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पण त्या मागच्या सीटवर झोपल्या नाहीत. पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी बारा दिवसांत त्यांना ड्रायव्हरला किती मुलं, मोठी काय शिकते, घरी कोण स्वयंपाक करतं, हे सगळं कळलं होतं. कसं, ते विचारू नका. म्हणून म्हणते, माझं भांडण गाडीशी नाही. काच बंद करून झोपण्याशी आहे.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. सहलीचे पैसे आपण इथूनच भरतो. ते कंपनीकडे, मोठ्या हॉटेलांकडे, विमानाकडे जातात. ज्या गावांतून आपण नुसते जातो, त्यांच्या वाट्याला धूर आणि हॉर्न येतो. त्या दिवशी आम्ही उसाचा रस, पंक्चर, दोन वेळा कॉफी आणि दुपारचं जेवण यांवर जे खर्च केले, ते लंडनमधल्या एका जेवणाइतकेही नव्हते. पण ते थेट तिथल्या बाईच्या हातात गेले. कॉफीवरून आठवलं, तिथे पेल्यावर पत्र्याचं छोटं गाळणं ठेवून कॉफी थेंब थेंब पडू देतात, खाली घट्ट गोड दूध. घाई करता येत नाही. ज्यांना अर्ध्या तासात फोटो काढून पुढे जायचं असतं, त्यांनी ती मागवू नये.

दक्षिणेला मेकाँगच्या मुखाशी मात्र हा प्रश्नच येत नाही, हे कबूल. नारळाच्या वाडीतून जाणाऱ्या सिमेंटच्या अरुंद वाटा, पदोपदी कालवे, छोट्या पुलांवरून आणि होड्यांमधून सायकल न्यायची. तिथे मोठी गाडी शिरतच नाही, म्हणून गाळायला काही उरत नाही. आमच्या मुलीला तोच भाग सर्वांत आवडला. मला वाटतं त्याचं कारण नारळ नाहीत. तिथे तिला कुणी एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवलं नाही, सगळा रस्ता तिचा तिनं जोडला. ती म्हणते, “नाही आई, नारळच.”

तुमच्या घरी अशी सहल ठरत असेल, व्हिएतनामची असो, श्रीलंकेची असो किंवा आणखी कुठली, तर पैसे भरण्याआधी कंपनीला रोजचे सायकलचे किलोमीटर आणि गाडीचे किलोमीटर वेगवेगळे लिहून मागा. मग नकाशावर गाडीचा भाग पेन्सिलनं रंगवा. त्या रंगवलेल्या भागात कोणती गावं आहेत, तिथे लोक काय पिकवतात, काय बनवतात, ते शोधा. आणि त्यातला एक दिवस सायकलवर मागून घ्या. सपाट, सकाळी लवकर सुरू होणारा, पन्नासच्या आसपास किलोमीटरचा. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तिकडे सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुएच्या रस्त्यांवर पाणी असतं.

भाऊजी अजूनही म्हणतात, तो दिवस वाया गेला. त्यांच्या फोनमध्ये त्या दिवसाचे दोनच फोटो आहेत, एक पंक्चरचा आणि एक मिठाच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या ताईंचा. दुसरा त्यांनी मोठा करून भिंतीवर लावला आहे. सूट त्यांनी लेस्टरला घेतला. तो खांद्यात घट्ट होतो, आणि त्याचा दोष ते मलाच देतात.